ग्राहकाशी बोलायचं नाही

"हाच घ्या, मॅडम. प्रोग्रामिंगसाठी एवढ्या पैशांत याहून चांगला मिळणार नाही," मॅनेजर म्हणाला आणि त्यानं चंदेरी झाकणाचा लॅपटॉप मुलीपुढे सरकवला.

दोन टेबलं पलीकडे मावशीचा पुसता हात जागच्या जागी थांबला. दुकानात झाडलोट करणाऱ्या तिला सगळे मावशीच म्हणत. समोरची मॅडम तिची पोटची मुलगी होती, पण हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीसोबत आलेल्या मैत्रिणीलाही नाही. "तिथं मला ओळख दाखवू नकोस हं, आई," असं मुलीनं सकाळी वेणी घालता घालता बजावलं होतं. मावशीला ते लागलं, खोटं कशाला बोला. पण कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या लेकीची आई फरशी पुसते, हे चारचौघांत कशाला, असं म्हणून तिनं ते गिळलं. मुलगी दुसऱ्या दुकानात गेलीही असती, पण जवळपास हप्त्यांवर लॅपटॉप देणारं हे एकच होतं. आणि हप्ते मावशीच्याच पगारातून जायचे होते.

मुलीनं महिनाभर डोकं शिणवून एक मॉडेल ठरवलं होतं. ते नेमकं संपलं होतं. मग मॅनेजरनं हा चंदेरी पुढे केला. सोळा जीबी रॅम, झटक्यात चालू होणारा, वजनाला हलका, शिवाय आजच्या दिवस सूट. त्याच्या तोंडात नुसती साखर होती. मुलगी काहीतरी टाइप करून बघत होती आणि मान डोलवत होती. तिचंही चुकत नव्हतं. कागदावर सगळं ठीकच होतं.

खोट बिजागरीत होती, आणि ती मावशीला माहीत होती. मागच्या खोलीत दुरुस्तीला परत आलेल्या लॅपटॉपची रांग लागलेली असायची. त्यांच्यावरची धूळ दर सोमवारी तीच पुसायची. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण चंदेरी झाकण कुठंही ओळखू आलं असतं. दहातले सात तेच. बिजागरी तुटलेली, स्क्रीन काळी पडलेली. वॉरंटी संपायचा अवकाश, की ते दारात हजर. उरलासुरला माल कुणाच्या तरी गळ्यात मारायचा होता, म्हणून तर ही सूट!

पण सांगायचं कसं? ग्राहकाशी बोलायचं नाही, हा सफाईवाल्यांसाठी पहिला नियम. मागच्या वर्षी एकीनं कुणाला तरी नुसतं 'पंखे वरच्या मजल्यावर आहेत' म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं.

मावशी खोकली. तिनं फडकं मुद्दाम खाली पाडलं. मुलीनं वर पाहिलंच नाही. एरवी ठरलेलं एक पाळायची नाही, आज मात्र सकाळी ठरलेलं काटेकोर पाळत होती. पगारातून जाणारे दोन वर्षांचे हप्ते डोळ्यांदेखत पाण्यात चालले होते, आणि परीक्षेच्या तोंडावर स्क्रीन काळी पडली तर पोरीनं काय करायचं?

"करू ना मग फायनल?" मॅनेजरनं खोक्याला हात घातला.

"ताई, तो घेऊ नका." मावशीच्या तोंडून निघूनच गेलं. पोटच्या पोरीला तिनं अहोजाहो केलं. "मोडतो तो. मागं ढीग पडलाय त्यांचा."

मॅनेजरचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "फडकं ठेवा, मावशी. उद्यापासून यायचं नाही." लगेच मुलीकडे वळून तो हसला. "सॉरी मॅडम, ही माणसं काहीही बोलतात. हा नको तर दुसरा दाखवतो, हप्ता तेवढाच पडेल. तोवर फॉर्म भरून घेऊ. घरात कमावतं कोण?"

"आई," मुलगी म्हणाली.

मैत्रिणीच्या पाठीमागून मावशीनं जोरजोरात मान हलवली. नको, बोलू नकोस.

"छान. आई कुठं नोकरीला असतात?"

मुलीनं वर पाहिलं. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं आईच्या नजरेला नजर दिली.

"इथंच होती," ती म्हणाली. "दोन मिनिटांपूर्वीपर्यंत."