आजोबांच्या शेजारचा खिळा

आजोबांच्या फोटोशेजारी बाबांनी खिळा ठोकला, तेव्हा आजी दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. ऐनवेळी हातोडी शोधत बसायला नको, एवढाच बाबांचा विचार. चार दिवसांनी आजी घरी आली ती "खायला काय आहे?" असं विचारतच. खिळा मोकळाच राहिला. पुढे बाबा रिटायर झाले, त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, खिळ्याला गंज चढला आणि आजीने नव्वदी ओलांडून शंभरीकडे कूच केलं. खिळ्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

परवा रंगारी आला. भिंत घासता घासता त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, हा रिकामा खिळा कशाला ठेवलाय? उपटू का?"

बाबांना एकदम खोकला आला. आई गॅस बघायला आत पळाली.

"अरे, तो माझा आहे," आजी खुर्चीतून म्हणाली. "माझ्या लेकाने कधीचा ठोकून ठेवलाय. मेल्याला भारी घाई!"

"आई, तसं नव्हतं गं..."

"तसंच होतं रे. पण गंजला बिचारा वाट बघून. याला आता माझं वजन पेलायचं नाही." ती रंगाऱ्याकडे वळली. "हा उपट आणि चांगला जाडजूड नवा ठोक."

रंगाऱ्याने आवाज खाली आणला. "फोटोसाठी का, आजी?"

"फोटो कशाला? पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लावायचंय."