भुलीचं माप

"दारू घेता का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दुर्बिणीनं पोटातली गाठ काढायची म्हणजे वेळ लागणार. पिणाऱ्याला औषध जास्त लागतं, म्हणून विचारते."

हेडमास्तरांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "छे छे! थेंबसुद्धा नाही."

बायको मान खाली घालून पिशवी आवरू लागली.

बाईंनी शब्दावर विश्वास ठेवून बेताचंच औषध दिलं. काम अर्ध्यावर असताना हेडमास्तर टक्क जागे झाले. घशात नळी, पोटात कापाकापी, जीव नुसता कासावीस. त्यांनी असे हातपाय झाडले की धरायला चौघं धावले. झटापटीत नळी बाहेर निघताच जन्मभर पोरांना सत्याचे धडे देणारे हेडमास्तर ओरडले, "पितो! रोज पितो! द्या अजून!"

मग मात्र ते गाढ झोपले आणि गाठ सुखरूप निघाली. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी बाईंना हात जोडले. "हिला तेवढं कळू देऊ नका."

बाई हसून गेल्या. बायको आत आली. हेडमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मधेच जाग आली, फार हाल झाले बघ. औषध जास्त लागलं म्हणे. अंगच दणकट आपलं!"

"रोज रात्री गच्चीवर टाकी बघायला जाणाऱ्याला लागणारच," ती पांघरूण सारखं करत शांतपणे म्हणाली. "मी तिथल्या तिथं सांगणार होते हो. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू नये, हे तुम्हीच शिकवलंय ना मला!"