दाजींचा क्लॅम्प

“हलता कामा नये!” दाजी खोतांनी दुकानातल्या चौथ्या क्लॅम्पलाही हिसका दिला. रानडुकरांसाठी ठेवलेल्या त्यांच्या बंदुकीवरचा, नेम धरायचा लेझर दर वेळी बार उडाला की निखळून नारळाच्या आळ्यात पडायचा. हा पोलादी क्लॅम्प मात्र ढिम्म राहिला. घरी येऊन दाजींनी त्यात लेझर बसवून तो बंदुकीवर एवढा आवळला, की स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली.

आठवड्याभरात निवडणूक लागली. नेहमीप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा करायला दाजी गेले.

“परवान्यात लेझर कुठाय? काढा तो,” हवालदार गुरकावले, “नाहीतर परवानाच रद्द!”

दाजींनी जोर लावला. मग हवालदारांनी पाय रोवून ओढलं. लेझर तसूभरही हलला नाही.

“दुकान कुठलं?” हवालदारांनी धापा टाकत विचारलं.

दाजी एक पाऊल मागे सरले. “का हो साहेब?”

“आमच्या जीपचा आरसा दर खड्ड्याला निखळतो.”