संध्याकाळच्या बोटीला हाक

बंदर सोडण्याआधी हसुराम नाखव्याने रीतीप्रमाणे लांब पल्ल्याचा रेडिओ तपासला, म्हणजे काही तास पुढच्या, त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या आपल्याच बोटीला हाक दिली. हाकेला खरं तेच उत्तर द्यायचं, असा कोळीवाड्याचा नेम होता. उत्तर आलं ते धाकट्या भावाच्या, चंदरच्या, रडक्या आवाजात, "दादा, तू गेलास. माझ्याच कोयत्याने."

शेजारी कोयत्याने दोर कापत बसलेला चंदर हसला. "मला कोंबडी कापवत नाही, तुला कापीन होय?"

हसुरामने वल्हं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. कपाळ फुटून चंदरच्या डोळ्यांत रक्त आलं, त्याला दिसेना.

"दादा, थांब!"

दुसऱ्या घावाने त्याचा खांदा मोडला. तिसरा घाव चुकवायला त्याने आंधळेपणाने कोयता फिरवला.

हसुराम मान धरून कोसळला. चंदरने सदरा काढून जखमेवर दाबला.

"म्हणे कोंबडी कापवत नाही. खोटारड्या," एवढंच बोलून हसुरामने समाधानाने डोळे मिटले.