आग्नेय कोपऱ्यातला खड्डा

आग्नेय कोपऱ्यातली जमीन उकरून झाल्यावर दाबके गुरुजी खूश झाले. "वा, वहिनी! तुमच्याकडे खड्डा टिकला. बाकीच्या घरांत वास्तुपुरुष ठेवायच्या आत जमीन भरून येते हो!"

मृदुला मात्र खड्डा भरून येण्याची वाट बघत होती. या नव्या शहरातल्या सगळ्याच इमारती जिवंत काँक्रीटच्या होत्या. भिंतीत खिळा ठोकून उपटला, तर भोक बघता बघता बुजायचं. त्या काँक्रीटला जगवणारा संदेश परदेशातून अखंड यायचा, ज्यांनी पैसा ओतून हे शहर उभं केलं त्या गुंतवणूकदारांकडून. कालच बातम्यांत सांगत होते, त्यांना आता दुसऱ्याच देशातलं एक बंदर आवडलंय.

"गुरुजी, जरा थांबता का?"

"अहो, मुहूर्त थांबतो होय?" म्हणत त्यांनी चांदीची प्रतिमा खड्ड्यात पालथी ठेवली आणि वर मूठभर माती लोटली.

माती खाली सरकली. पाठोपाठ प्रतिमाही दिसेनाशी झाली. मृदुलानं खड्ड्याच्या कडेला बोट लावलं, तर काँक्रीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं सुटून हातात आलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या टिपणीसकाकूंचा आवाज खड्ड्यातून स्पष्ट ऐकू आला. "अगं मृदुला, तुमचा वास्तुपुरुष आमच्या ताटात पडला की गं!"

गुरुजींना हसू आवरेना. मृदुलानं पाटावर बसलेल्या लेकीला उचललं आणि ती दाराबाहेर धावली. घर चाळिसाव्या मजल्यावर होतं.

जिन्याची पहिलीच पायरी पायाला मऊ लागली.