सँडलचा नंबर

मस्कतच्या दवाखान्यातली नोकरी सोडून वनिता कायमची सोनाळ्याला परतणार होती. बॅग भरताना तिनं मुलीला व्हिडिओ कॉल लावला. सहा वर्षं गौरी मंदामावशीकडंच वाढली होती. "तुह्या सँडलचा नंबर किती?" "मावशीले इचार, तिले मालूम हाये." बाजूला बसलेली मंदा हसत म्हणाली, "दोन नंबर. पन मागच्या पट्ट्याची नको घेजो, तिची टाच सोलते." वनिताचा जीव जळला. पोर माझी, अन् तिची टाच हिला ठाऊक! तिनं मंदासाठी घेतलेली शाल बॅगेतून काढून पलंगावर फेकली. "मी आली का तू माह्याजवळच झोपजो, मावशीजवळ नाई," तिनं मुलीला बजावलं. मंदाचं हसू मावळलं. गौरी मावशीच्या कुशीत सरकली. फोन ठेवताना मंदा नेहमी "लवकर ये वो ताई," म्हणायची. आज तिनं पोरीला घट्ट धरलं, म्हणाली, "सावकाश ये, ताई."