गुडघ्यावरची पट्टी

दिवा काही लागेना.

तिने नवऱ्याच्या गुडघ्यावरची रबरी पट्टी सोडली, वायर तपासली, पुन्हा बांधली. पट्टी वाकली की वीज तयार होते आणि तिच्यावरचा इवलासा दिवा लागतो, एवढीच तर करामत. कालपरवापर्यंत लागत होता.

"अरे, हलव ना पाय!"

"मुद्दाम हलवलेला चालत नाही ना तुला?"

तेही खरंच. माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचालीवर आपलं उपकरण चालेल, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि नकळत पाय हलवण्यात तिच्या नवऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जेवताना, पेपर वाचताना, रात्री तिची वाट बघत सोफ्यावर बसला की त्याचा पाय सुरूच. सासूबाई गुडघ्यावर चापट्या मारून थकल्या. सूनबाईने मात्र त्या खोडीचं सोनं करायचं ठरवलं आणि पट्टी त्याच्याच मापाने कापली.

आज तिचं उपकरण बघायला प्रयोगशाळेत आलेले परीक्षक शेजारच्या खोलीत चहा घेत होते, आणि गडी खुर्चीत मख्ख बसला होता.

"बरं नाही का तुला?"

"उलट मस्त आहे. काल किती दिवसांनी गाढ झोप लागली."

"इथे माझ्या डोळ्याला डोळा नाही आणि तू खुशाल घोरतोस!" तिला रडू फुटायच्या बेतात होतं. आज दिवा लागला नाही तर प्रकल्प बंद, आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

त्याने खिशातून घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. स्वतःची किल्ली ती नेहमीच विसरायची. न बघताच तिने ती एप्रनच्या खिशात टाकली.

"संध्याकाळी जरा बोलू या," तो म्हणाला.

"आधी हे निस्तरू दे. पट्टीच आतून फाटली असणार. जित्याची खोड अशी एका रात्रीत जाते होय?"

तिने पट्टी स्वतःच्या गुडघ्याला बांधली आणि त्याच्या शेजारी बसली. परीक्षकांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तिचा पाय थरथरायला लागला आणि दिवा लखकन लागला.

ती बघतच राहिली.

"पट्टी तर ठणठणीत आहे! मग तुला झालंय तरी काय?"

त्याने दिव्यावरची नजर काढली नाही.

"काल एक खोली घेतली भाड्याने. एकट्यापुरती. सही केली आणि पाय थांबला."